प्रॅक्टिकल नर्सिंगचा डिप्लोमा करून ‘कुठेही’ जाता येतं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा होता: जीएनएम (आपल्याकडचा नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, वॉर्डात कामही केलंय, आणि एजंट म्हणतोय की कॅनडातल्या ओंटॅरिओ प्रांतात दोन वर्षांचा प्रॅक्टिकल नर्सिंग डिप्लोमा कर, मग कॅनडाच काय, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दुबई, कुठेही नोकरी मिळेल. ‘ताई, हे खरं आहे का? आणि तिकडे फार एकटं वाटतं का?’ याचं उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण तुझा निरोप वाचल्यापासून मन त्यातच अडकलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

व्हिसाची फी, बँकेत किती रक्कम दाखवायची, वर्क परमिट किती वर्षांचं, हे मी लिहीत नाही. ते सतत बदलतं आणि कॅनडा सरकारच्या साइटवर सगळं मिळतं.

आधी त्या ‘कुठेही’चं बघू. ते खरं नाही. ओंटॅरिओत वॉर्डातल्या नर्सच्या मुख्य पायऱ्या दोन. वरची आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, तिला चार वर्षांची पदवी. खालची आरपीएन, रजिस्टर्ड प्रॅक्टिकल नर्स, तिला दोन वर्षांचा डिप्लोमा. बहुतेक प्रांतांत हिलाच एलपीएन, म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स म्हणतात. दोघींची नोंदणी कॉलेज ऑफ नर्सेस ऑफ ओंटॅरिओकडे, म्हणजे सीएनओकडे होते. आरपीएनचा परवाना काही खोटा किंवा कमी कष्टाचा नाही. कॅनडाच्या आत तो एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नेता येतो, आणि कॅनडातच राहायचं असेल तर त्यावर आयुष्य नीट उभं राहतं. अडचण देशाबाहेर पडताना येते.

अमेरिकेचं उदाहरण घे. आरएनची परीक्षा दोन्ही देशांत एकच आहे, एनक्लेक्स-आरएन. कॅनडाने ती 2015 पासून घेतली. प्रॅक्टिकल नर्सचं तसं नाही. ओंटॅरिओत जानेवारी 2022 पासून आरईएक्स-पीएन आहे, अमेरिकेत एनक्लेक्स-पीएन. दोन्ही परीक्षा एकाच अमेरिकन संस्थेने तयार केलेल्या, तरी परीक्षा दोन. बरं, परीक्षा दिलीस तरी पुढे व्हिसा अडतो. कॅनडाच्या नागरिकाला अमेरिकेत टीएन नावाच्या कामाच्या दर्जावर चटकन काम करता येतं, पण त्या व्यवसायांच्या यादीत रजिस्टर्ड नर्स आहे, प्रॅक्टिकल नर्स नाही. ग्रीन कार्डसाठी नर्सना जी ‘शेड्यूल ए’ची सवलत आहे, तीही रजिस्टर्ड नर्सपुरतीच. विंडसरमध्ये राहून रोज नदीपलीकडे डेट्रॉइटला ड्युटीला जाणाऱ्या नर्स आहेत, एजंट लोक त्यांचे दाखले देतात. त्या आरएन आहेत, हे मात्र सांगत नाहीत.

ब्रिटनने दुसऱ्या पायरीच्या नर्सचं शिक्षण केव्हाच बंद केलं. 2019 पासून इंग्लंडात ‘नर्सिंग असोसिएट’ आहे, पण ती तिथल्या व्यवस्थेतली वेगळी पायरी आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ‘एनरोल्ड नर्स’ असते, ती आरपीएनच्या सगळ्यात जवळची, त्यामुळे तिकडे प्रयत्न करायला जागा आहे. दुबईत ‘असिस्टंट नर्स’ची वेगळी पायरी आहे. जर्मनीत नर्सिंगचं मूळ शिक्षणच तीन वर्षांचं, आणि वर जर्मन भाषेची बी-2 पातळी लागते.

आता तूच ताडून बघ. तुझं जीएनएम तीन वर्षांचं, त्यावर तू तुझ्या देशात पूर्ण नर्स आहेस, सहाय्यक नाहीस. एजंट तुला लाखो रुपये भरून दोन वर्षांचं, खालच्या पायरीचं शिक्षण घ्यायला सांगतोय, आणि तेच जगभर चालेल म्हणतोय. त्याला कमिशन कॉलेजकडून मिळतं. तू आधीच नर्स आहेस म्हटल्यावर तुझ्या आहे त्या कागदांवर काय होतं हे आधी बघायला हवं, ते तो कशाला सांगेल?

मी तो डिप्लोमा केलेला नाही. नवऱ्याच्या पीआरवर, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवानगीवर आम्ही ओंटॅरिओत आलो, मी माझ्या जीएनएमचं मूल्यांकन करून घेतलं. हे मूल्यांकन तेव्हा एनएनएएस नावाची संस्था करायची, आणि तिच्या अहवालात तुमचं शिक्षण कॅनडाच्या तोडीचं आहे, काहीसं तोडीचं आहे, की नाहीच, असं लिहून यायचं. आरपीएनसाठी मी तोडीची निघाले. आरएनसाठी ‘काहीसं’. बारा वर्षं आयसीयूत काढलेल्या बाईला तो शब्द कसा लागला असेल, तुला कळेल.

पण त्या अहवालापर्यंत पोचणं हाच एक छळ होता, आणि त्याबद्दल मला बोलायचंच आहे. संस्था आपल्या हातून मार्कशीट घेत नव्हती. कॉलेजने त्यांचा फॉर्म भरायचा, शिक्का मारायचा आणि कॉलेजनेच थेट पाठवायचा. फॉर्ममध्ये मेडिकल-सर्जिकल, प्रसूती, बालरोग, मानसिक आरोग्य, प्रत्येक विषयाचे थिअरीचे तास वेगळे, वॉर्डातले तास वेगळे. माझ्या कॉलेजातल्या क्लार्कने सगळ्यांची बेरीज करून एकच आकडा लिहिला आणि पाठवून दिला. तो परत आला. दुसऱ्या वेळी मानसिक आरोग्याचा रकाना रिकामा, कारण ते पोस्टिंग बाहेरच्या रुग्णालयात झालं होतं आणि त्याचं रजिस्टर सापडत नव्हतं. मी फोन केला की ‘मॅडम रजेवर आहेत’. मॅडम परत आल्या तोवर प्राचार्य बदलले आणि सहीचा नमुना बदलला. शेवटी माझी बहीण कॉलेजात जाऊन बसली, माझं जुनं प्रॅक्टिकल रेकॉर्ड बुक घेऊन. मी केलेल्या बाळंतपणांच्या नोंदी, प्रत्येकीसमोर सिस्टर ट्यूटरची निळ्या शाईतली सही. त्या वहीवरून तास मोजून निघाले. ती वही मी रद्दीत दिली असती तर पुढे काय झालं असतं, मला विचारही करवत नाही.

त्यात नावाचा घोळ. लग्नानंतर आपल्याकडे आडनावच नाही, मधलं नावही बदलतं. डिप्लोमावर वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं, नर्सिंग परिषदेच्या नोंदणीत एक अक्षर वेगळं. या तिघी म्हणजे मी एकच आहे हे पटवायला प्रतिज्ञापत्र, गॅझेट, लग्नाचा दाखला. तुझं लग्न व्हायचंय, म्हणून कळकळीने सांगते: डिप्लोमावर जे नाव आहे तेच पासपोर्टवर ठेव, घरचे काहीही म्हणोत.

2025च्या एप्रिलपासून सीएनओने परदेशी नर्सच्या शिक्षणाचे नियम बदललेत, त्यामुळे माझ्या वाट्याला आलेलं सगळं तुझ्याही वाट्याला येईल असं नाही. सध्याचा नियम त्यांच्या साइटवरून शब्दन् शब्द वाच. पण नियम कुठलाही असो, तासांची विषयवार फोड असलेलं शिक्क्याचं पत्र आणि अभ्यासक्रमाची प्रत निघायच्या आधी हातात घे. तू समोर उभी असताना जे एका दिवसात होतं, त्याला इथून वर्ष लागतं.

आता कामाचं. मी आरपीएन म्हणून लाँग टर्म केअरमध्ये आहे, म्हणजे वृद्धांच्या देखभालीच्या संस्थेत. नवीन आरपीएनना नोकरी इथे सगळ्यात लवकर मिळते. संध्याकाळच्या पाळीला औषधांची गाडी घेऊन निघायचं, तीसेक जणांना औषधं द्यायची, कुणाच्या गोळ्या कुस्करून, कुणाला इन्सुलिन, कुणी तोंडच उघडत नाही. तेवढ्यात पडलेल्या आजोबांकडे धावायचं आणि परत आल्यावर प्रत्येक गोळीची नोंद. कायद्याने इमारतीत चोवीस तास किमान एक आरएन असावीच लागते. रुग्णाची अवस्था गुंतागुंतीची झाली किंवा पुढे काय होईल याचा अंदाज येईना, की आरपीएनने तिला गाठायचं.

एका रात्री एका आजींचा श्वास मला ऐकूनच कळला. पायावर सूज, उशा दोनाच्या तीन मागितलेल्या, फुप्फुसात खालपर्यंत बुडबुडे. असे पेशंट मी आयसीयूत किती बघितले असतील. मी सगळं मोजलं, ऑक्सिजन तपासला आणि आरएनला फोन केला. ती आली, माझ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी, हुशार, मुळीच उद्धट नाही. तिने तेच सगळं पुन्हा तपासलं आणि डॉक्टरांना फोन तिने केला. आजी वेळेवर रुग्णालयात गेल्या. कुणाचंच काही चुकलं नाही. मी मात्र घरी येऊन खूप वेळ झोपले नाही. हाताला जे येतं ते परवान्यात नाही, ही गोष्ट तुला रोज थोडी थोडी सोसावी लागेल. डिप्लोमा करून आलेल्या, आधी नर्स नसलेल्या मुलींना हा त्रास नाही. त्या पुढे जातात, आनंदात असतात. तुझ्यामाझ्यासारखीला आहे. गावी कुणी विचारलं तर मी अजूनही नुसतं ‘नर्स आहे’ म्हणते. पायरी सांगत नाही.

तुला मूल नाही, पण हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आम्ही आलो तेव्हा मुलगी नववीत जाणार होती. त्या वेळी ओंटॅरिओत नववीलाच दोन प्रवाह असायचे, ‘अकॅडमिक’ आणि ‘अप्लाइड’. अकॅडमिकमधून युनिव्हर्सिटी, अप्लाइडमधून साधारण कॉलेजचे डिप्लोमे. शाळेने तिचे उच्चार ऐकले, वर्षाच्या मध्ये आलेली बघितली आणि गणितालासुद्धा अप्लाइडमध्ये घातलं. मी तिच्या वह्या घेऊन गेले, बीजगणित दाखवलं. ‘इथे ती जास्त रमेल,’ असं हसून सांगितलं मला. ती रमली नाही, कंटाळली. दहावीला वरच्या प्रवाहात यायला उन्हाळाभर जोड कोर्स करावा लागला, तिच्या मैत्रिणी तळ्यावर जात असताना. 2021 पासून गणिताचे आणि 2022 पासून सगळ्याच विषयांचे नववीचे प्रवाह बंद झाले. ती बातमी वाचून मला बरं वाटायला हवं होतं. मी ओट्याशी उभी राहून रडले. मुलगी आज युनिव्हर्सिटीत आहे, तिचं चांगलं चाललंय. पण एकदा भांडणात ती मला म्हणाली होती, ‘आई, तूही अप्लाइडमध्येच आहेस की.’ त्यावर मला काही बोलता आलं नव्हतं.

एकटेपणाचं विचारलंस. वाटतो. पहिल्या हिवाळ्यात जास्त, मग पाळ्या सुरू झाल्या की त्याला वेळ राहत नाही. त्यासाठी येणं थांबवू नकोस. थांबवायचंच असेल तर पैशांच्या हिशेबावर थांबव.

तरीही डिप्लोमाच करायचा ठरलं, तर दोन गोष्टी नीट तपास. कॉलेज सरकारी आहे का? खाजगी करिअर कॉलेजातून शिकलेल्यांना सहसा शिक्षणानंतरचं वर्क परमिट मिळत नाही. आणि त्या अभ्यासक्रमाला सीएनओची मान्यता आहे का? कोर्सच्या नावात ‘नर्सिंग’ किंवा ‘हेल्थ’ आहे म्हणून तो परवान्याला नेतोच असं नाही. पीएसडब्ल्यूचा, म्हणजे पर्सनल सपोर्ट वर्करचा (देखभाल सहाय्यकाचा) कोर्स कामाचा आहे, पण तो नर्सिंगचा नाही आणि त्यावर आरपीएनची परीक्षा देता येत नाही. ती परीक्षा आता संगणकावर असते, चार तास, कमीत कमी 90 आणि जास्तीत जास्त 150 प्रश्न, तुझ्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न सोपा-अवघड होत जातो. पाठांतरावर निघत नाही. ‘आधी काय कराल’ या धर्तीचे प्रश्न असतात. वॉर्डातला तुझा अनुभव तिथे उपयोगी पडेल.

माझं विचारशील तर तू आधी तुझ्या जीएनएमवर काय मिळतं ते बघ. जमलं तर पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी, तिथेच कर. खर्च कितीतरी कमी, आणि हातात पदवी असेल तर ओंटॅरिओच काय, बऱ्याच देशांत तुझ्याशी बोलणं वेगळ्या पायरीवरून सुरू होतं. इकडे आरपीएनमधून आरएन होण्याचे ब्रिज प्रोग्रॅम आहेत, मी गेल्या वर्षीपासून त्यांची पानं उघडून बघतेय. पाळ्या सांभाळून पुन्हा विद्यार्थिनी होणं माझ्याच्याने होईल का, हे माझं अजून ठरत नाही. तुझ्यापुढे तो प्रश्न या वयात यायचं कारण नाही.

परिषदेची नोंदणी चालू ठेव, नूतनीकरणाची तारीख चुकवू नकोस. आणि एजंटने दिलेलं कॉलेजचं नाव आणि कोर्सचं पूर्ण नाव मला पाठव. सीएनओच्या मान्य अभ्यासक्रमांच्या यादीत ते आहे का, मी आज रात्रीच बघते. तोवर त्याला एक रुपयाही देऊ नकोस.