कानात काय वाजतंय? या वेळी फक्त डेफ्टोन्स

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता डेफ्टोन्स या अमेरिकन बँडचं नाव घेतलं आणि त्यावरून इतकी पत्रं आली की या खेपेला बाकी सगळं बाजूला ठेवलं. नुकतीच बारावी झालेल्या पोरांपासून माझ्या वयाच्या लोकांपर्यंत सगळ्यांनी लिहिलंय. बरेच प्रश्न सारखे होते ते एकत्र केलेत, नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न: ताई, रील्सवर 'चेंज' गाण्याचा तुकडा ऐकला, मग अख्खं गाणं ऐकलं, मग तीन दिवस दुसरं काही ऐकलंच नाही. आता पुढे काय ऐकू? मित्र म्हणतो हे न्यू मेटल आहे, म्हणजे मेटलच्या जड गिटारमध्ये रॅप मिसळणारा प्रकार, त्याचा जमाना गेला. (वय 19, सांगली)

उत्तर: अरे, 'व्हाईट पोनी' पहिल्यांदा ऐकायची रात्र तुझी अजून व्हायचीय, मला खरंच हेवा वाटला तुझा. 'चेंज' त्याच अल्बममधलं. 20 जून 2000 ला आला तो, त्याच दिवशी गायक चिनो मोरेनो 27 वर्षांचा झाला. माझ्यापर्यंत पोचला 2001 च्या पावसाळ्यात, कॉपी केलेल्या सीडीवर, त्यावर मैत्रिणीने निळ्या स्केचपेनने फक्त 'घोडा' एवढंच लिहिलं होतं. कर्वेनगरला तिघी एका खोलीत राहायचो, लाईट गेलेले, डिस्कमनचे सेल संपत आलेले, एकच इअरफोन दोघींत वाटून घेतलेला आणि 'डिजिटल बाथ' सुरू झालं.

ते गाणं एकदा नीट ऐक, हेडफोन लावून, दुसरं काही न करता. सुरुवातीला एब कनिंगहॅमचे ड्रम्स, आणि तो नुसता ठोका धरून बसत नाही, मोठ्या ठोक्यांच्या मधल्या जागांत स्नेअरवर, म्हणजे खणखणीत वाजणाऱ्या छोट्या ड्रमवर, अगदी हलक्या टिचक्या मारतो, त्या पहिल्या वेळी कळतही नाहीत पण त्या काढल्या तर गाणं चालायचंच थांबेल. त्यावर चिनो इतक्या जवळून गातो की शब्दाच्या आधीचा श्वाससुद्धा ऐकू येतो. मग कोरसला गिटारची भिंत अंगावर येते आणि तुला वाटतं आता हा ओरडणार, तर तो ओरडत नाही, आवाज वर नेतो आणि लांबवत राहतो, खाली एवढा गदारोळ चाललाय आणि वर हा तरंगतोय.

माझ्या मते डेफ्टोन्सचं सगळं मर्म इथेच आहे. हळू व्हर्स मग जोरात कोरस हे त्या काळात सगळेच करायचे, एकदा हे एकदा ते. यांच्याकडे जड आणि मऊ एकाच क्षणी वाजतं. आणि हे काही डोकं लढवून ठरवलेलं नाहीये, ते त्या माणसांमुळे आलंय. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोची ही पोरं, चिनो, एब आणि गिटारिस्ट स्टीफन कार्पेंटर तिघं एकाच शाळेतले, मॅक्लॅची हायस्कूल, स्केटबोर्डवर फिरणारे, 1988 ला बँड सुरू केला. स्टीफनला 15 व्या वर्षी स्केटबोर्डवर असताना गाडीने उडवलं होतं, मग काही महिने व्हीलचेअरवर, आणि त्या बसून राहण्यात तो गिटार शिकला, मेटलच्या रेकॉर्ड लावून लावून. त्याचा जीव त्यातच, पुढे मेशुगासारख्या बँडचा तो जबर चाहता. आणि चिनो लहानपणापासून द क्युअर, डेपेश मोड, ड्युरान ड्युरान असे सुरेल बँड ऐकणारा. एकाला भिंत बांधायचीय, दुसऱ्याला त्या भिंतीवर धुकं हवंय. तीस वर्षांवर झाली, दोघांपैकी कुणीही पूर्ण जिंकलेलं नाही, आणि जिंकू नयेच.

न्यू मेटलचं म्हणशील तर तुझा मित्र अगदीच चूक नाही. पहिला अल्बम 'अ‍ॅड्रेनलिन' 1995 चा, कॉर्न या न्यू मेटल बँडचा पहिला त्याच्या वर्षभर आधीचा, चिनो त्यात रॅपच्या ढंगाने बोलत गातो, त्यामुळे सगळ्यांना एकाच टोपलीत टाकलं गेलं. 'व्हाईट पोनी' तर त्या टोपलीतून बाहेर पडायलाच केला होता. पण लेबल मॅव्हरिक, म्हणजे मॅडोनाने काढलेली कंपनी, त्यांना रेडिओवर चालेल असं गाणं पाहिजे होतं, म्हणून अल्बमचं शेवटचं संथ, लांबलचक 'पिंक मॅगिट' घेऊन त्याचं रॅपवालं छोटं रूप 'बॅक टू स्कूल' करून घेतलं आणि काही महिन्यांत अल्बम नव्याने काढताना ते पहिल्या नंबरला लावलं. चिनोने पुढे त्याबद्दलची नाराजी लपवलेली नाही. म्हणून तू मूळ 11 गाण्यांचाच अल्बम ऐक, 'फेटिसेरा' पासून सुरू होणारा. 'नाईफ पार्टी' मध्ये रोडलीन गेटसिकचा शब्दांशिवायचा आवाज येतो तिथे अंगावर काटा येतो, आणि 'पॅसेंजर' मध्ये टूल बँडचा गायक मेनर्ड कीनन आणि चिनो ओळी एकमेकांच्या हातात देत जातात.

मग मागे जा, 1997 चा 'अराउंड द फर', त्यातलं 'माय ओन समर' आणि 'बी क्वाएट अँड ड्राइव्ह'. मग एकदम पुढे 2010 चा 'डायमंड आईज' आणि 2012 चा 'कोई नो योकान'. हे नाव जपानी आहे, एखादी व्यक्ती पहिल्यांदा भेटल्यावर आपण हिच्या प्रेमात पडणार हे आधीच जाणवतं, त्या जाणिवेचं नाव. त्यातलं 'रोझमेरी' ऐकशील तेव्हा मला लिही.

प्रश्न: माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, दिवसभर हेडफोन लावून यांचंच संगीत ऐकतो. एकदा मी लावून बघितलं, माणूस नुसता किंचाळत होता. त्याच्या मनात काही चाललंय का अशी काळजी वाटते. (आई, नाशिक)

उत्तर: ताई, तुम्ही हेडफोन लावून बघितला हेच मला फार आवडलं, बऱ्याच घरांत आधी बंद कर म्हणतात आणि ऐकतात कधीच नाही. तुम्ही बहुतेक 'एलीट' ऐकलं असणार, त्या गाण्याला 2001 मध्ये मेटलचं ग्रॅमी मिळालं, पण सुरुवात त्याने करू नये. असं करा, मुलालाच सांगा की 'सेक्सटेप' नावाचं गाणं लाव. नाव ऐकून दचकू नका, गाणं समुद्रावर रात्री बसल्यासारखं आहे, त्यात किंचाळणं नाहीच. मग त्याला विचारा तुझं आवडतं कुठलं आणि का, आणि तो सांगेल तेवढा वेळ ऐकून घ्या. चिनोचं ओरडणं रागाचं कमी असतं, बोलून दाखवता येत नाही ते बाहेर टाकल्यासारखं जास्त असतं, आणि त्या वयाच्या पोरांकडे असं बरंच साठलेलं असतं. माझ्याकडेही होतं. घर सोडून पहिल्यांदा शहरात आले, कुणी ओळखीचं नाही, मेसचं जेवण जात नव्हतं, तेव्हा या गाण्यांनी मला बिघडवलं नाही, सोबत केली. तो जेवत असेल, झोपत असेल, मित्रांत असेल तर गाण्यांवरून काळजी करू नका. यातलं काही बिनसलेलं दिसलं तर मात्र गाणी बाजूला ठेवून त्याच्याशी सरळ बोला, गरज वाटली तर डॉक्टरांशीही.

काळजी कानांची घ्या. जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्यांसाठीचं माप आठवड्याला 40 तास, 80 डेसिबलपर्यंत असं आहे, आवाज त्याहून वाढवला की तास भराभर कमी होतात. फोनमध्ये हे दाखवणारी सोय असते, ती त्याच्याकडूनच चालू करून घ्या.

प्रश्न: स्टीफनसारखा साउंड काढायला सात तारांची गिटार घ्यावीच लागेल का? माझ्याकडे साधी सहा तारांची आहे. (कोल्हापूर)

उत्तर: नको घेऊस अजून. पहिले दोन अल्बम सहा तारांवरच झालेत, सात तारा 'व्हाईट पोनी' ला आल्या, आठ 'डायमंड आईज' ला. तुझ्या गिटारची सगळ्यात जाड तार एक पूर्ण सूर खाली, ई वरून डी वर, उतरव म्हणजे ड्रॉप डी होईल, आणि त्याहून खाली सगळंच उतरवायचं असेल तर आधी जाड तारांचा सेट घाल नाहीतर तारा लोंबतील आणि सूर हलेल. आणि एक, डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणारा इफेक्ट, आहे त्याच्या अर्ध्यावर आण. नवीन मुलं नॉब शेवटपर्यंत फिरवतात आणि मग नुसती खरखर येते, जडपणा येतो तो उजव्या हाताने, तार किती दाबून, किती अचूक थांबवतोस त्यावर. स्टीफनचे रिफ्स, म्हणजे गिटारचे पुन्हापुन्हा येणारे तुकडे, सोपे असतात ऐकायला, त्यातली गप्प जागा वाजवून बघ, तिथे कळेल.

प्रश्न: ची चेंगबद्दल लिहा ना. नवीन ऐकणाऱ्यांना तो माहितीच नाही. (ठाणे, आणि याच आशयाची आणखी चार पत्रं)

उत्तर: हे लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते.

ची हा डेफ्टोन्सचा बासिस्ट, म्हणजे बास गिटार वाजवणारा, पहिल्या अल्बमपासूनचा. स्टेजवर केस सोडलेला, उंच, चिनो गात असताना मागून जो खरबरीत दुसरा आवाज ओरडतो तो त्याचा. आणि हाच माणूस कविता लिहायचा, 2000 मध्ये त्याने स्वतःच्या कविता वाचून रेकॉर्ड केल्या, 'द बांबू पॅराशूट' नावाने. त्याचा बास ऐकायचा तर 'बी क्वाएट अँड ड्राइव्ह' मध्ये गिटारच्या खाली कान लाव, गिटार आभाळ करतं आणि तो जमीन धरून असतो.

2008 मध्ये बँड 'इरोस' नावाचा अल्बम करत होता, जवळजवळ होतच आला होता. त्याआधीची काही वर्षं त्यांची फार वाईट गेलेली, 2006 च्या 'सॅटर्डे नाईट रिस्ट' अल्बमच्या वेळी तर बँड फुटतो की काय अशी वेळ होती, आता कुठे सगळे परत एका खोलीत हसतखेळत बसायला लागले होते. 4 नोव्हेंबर 2008 ला कॅलिफोर्नियात सांता क्लाराजवळ चीच्या गाडीला अपघात झाला. त्याने पट्टा लावलेला नव्हता, तो गाडीबाहेर फेकला गेला. बहीण बरोबर होती, ती वाचली. ची कोमात गेला, नंतर अर्धवट शुद्धीत, आणि तसाच साडेचार वर्षं.

त्या साडेचार वर्षांत काय काय झालं बघा. उपचारांचा खर्च प्रचंड, तर चाहत्यांनी पैसे जमवले, दुसऱ्या बँडवाल्यांनी कार्यक्रम केले, कॉर्नचा बासिस्ट फील्डी याने ठिकठिकाणचे वादक गोळा करून त्याच्यासाठी एक गाण्याशिवायची, फक्त वाद्यांची रचना केली. आणि बँडने 2009 च्या उन्हाळ्यात 'इरोस' तसाच कपाटात ठेवला. मला तेव्हा हे कळलंच नव्हतं, म्हणजे तयार अल्बम, मित्राचं वाजवणं त्यात आहे, तो बाहेर काढा ना. आता कळतं. मित्र हॉस्पिटलमध्ये आणि त्या अंधाऱ्या दिवसांची गाणी घेऊन गावोगाव फिरायचं हे त्यांना जमणार नव्हतं. त्यांनी क्विकसँड बँडचा बासिस्ट सर्जियो वेगा बोलावला, जो 1999 मध्येही चीच्या जागी काही दिवस उभा राहिला होता, आणि थोड्याच महिन्यांत अगदी नवा 'डायमंड आईज' केला. तो अल्बम ऐकताना लक्षात येतं की त्यात रडगाणं नाहीये. उजेड आहे त्यात, जिवंत असल्याचा. मुखपृष्ठावर अंधारात पंख पसरलेलं पांढरं घुबड.

ची 13 एप्रिल 2013 ला गेला, 42 वर्षांचा होता. मी ऑफिसमध्ये होते, बातमी वाचली, जिन्यात जाऊन बसले. बरोबर वर्षाने, त्याच तारखेला, चिनोने 'इरोस' मधलं एक गाणं, 'स्माईल', इंटरनेटवर टाकलं. पूर्ण अल्बम आजतागायत आलेला नाही आणि मला तो यावा असंही वाटत नाही, म्हणजे मोह होतो, पण त्यांचा मित्र आहे, त्यांनी ठरवावं. मी मात्र तेव्हापासून मागच्या सीटवरही पट्टा लावते, मुलांनाही लावायला लावते, आणि बऱ्याचदा लावताना चीची आठवण येते.

प्रश्न: पन्नाशीतले लोक आता काय मेटल करणार? नवीन अल्बम ऐकण्यासारखा आहे का? (पनवेल)

उत्तर: आहे, आणि कौतुक म्हणून म्हणत नाहीये. 'प्रायव्हेट म्युझिक' 22 ऑगस्ट 2025 ला आला, दहावा अल्बम, निर्माता 'डायमंड आईज' वालाच, निक रॅस्कुलिनेझ. हिरव्या मुखपृष्ठावर पांढरा साप. पहिलंच 'माय माइंड इज अ माउंटन' तीन मिनिटांच्या आत संपतं आणि त्यात एकही वाया गेलेला ठोका नाही. 'गोर' अल्बमच्या वेळी, 2016 ला, स्टीफनने मुलाखतीत उघड सांगितलं होतं की हे मला सुरुवातीला वाजवावंसंच वाटत नव्हतं, तेव्हा मी धास्तावले होते. 2020 च्या 'ओम्स' वर तो परत पूर्ण जोरात आला. आता तर 2022 पासून तो अमेरिकेबाहेरच्या दौऱ्यांना जातच नाही, दुसरा गिटारिस्ट उभा राहतो, बासवर फ्रेड साब्लान आहे, तरी रेकॉर्डवर ती जुनी ओढाताण तशीच ऐकू येते. 'मिल्क ऑफ द मॅडोना' लावा मोठ्याने, स्टीफन सगळं खाली खेचतोय आणि चिनो ऐकत नाहीये. नंतर 'आय थिंक अबाउट यू ऑल द टाईम' लावा, त्यात बराच वेळ जवळपास गिटार आणि आवाज एवढंच आहे.

मी तो पहिल्यांदा रात्री बारा वाजता ऐकला, निघाल्या निघाल्या, स्वयंपाकघरात उभी राहून, ओट्यावर दूध विरजायचं राहिलं होतं. दुसऱ्या गाण्याला फोन वाजला. ती स्केचपेनवाली मैत्रीण आता बाहेरदेशी असते, तिच्याकडे अजून संध्याकाळ होती, तिला ऐकायला मिळाला नव्हता. मी फोन स्पीकरजवळ धरून ठेवला.