नाशकात राहून देशोदेशीचं पारंपरिक जेवण चाखता येईल का?

तुम्ही विचारलंय की नाशकात वेगवेगळ्या देशांचं अस्सल जेवण देणारी हॉटेलं कोणती, की त्यासाठी मुंबई-पुणंच गाठावं लागतं.

हॉटेलांचं आधी सांगून टाकते. ज्या मेनूकार्डात मेक्सिकन, इटालियन, थाई आणि पनीर टिक्का एकाच पानावर असतात, तिथे कुठल्याच देशाचं जेवण मिळत नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोडला अशी ठिकाणं भरपूर आहेत. मुलांना घेऊन जायला ठीक, अस्सल काही शोधायला जाऊ नका. आपल्या गाड्यांवरचं शेजवान नाव घेतं चीनच्या सिचुआन प्रांताचं, पण त्यात तिथली जीभ बधिर करणारी मिरीच नसते. तिचं जवळचं भावंड कोकणातलं तिरफळ. बांगड्याच्या कालवणात तिरफळ खाल्लं असेल, तर सिचुआनची ओळख तुम्हाला त्या लाल सॉसपेक्षा जास्त झालेली आहे.

पण मी लिहायला बसले ती तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागामुळे. आमच्या घरात हा वाद जुना आहे. माझे मोठे दीर टेक्सासला असतात. सुट्टीवर आले की त्यांचं एकच पालुपद, "नाशकात बसून तुम्हाला काय कळणार? तिकडे जाऊन, तिकडच्या हॉटेलात खाल्लं पाहिजे." एकदा त्यांनीच आम्हा सगळ्यांना इथल्या एका मेक्सिकन म्हणवणाऱ्या हॉटेलात नेलं. टॅको आले. मैद्याची मऊ पोळी, आत सिमला मिरची, स्वीट कॉर्न आणि किसलेलं चीज. दादा म्हणाले, बाकी सगळं वाईट, पण टॉर्टिया असते अशीच, गव्हाची. सासूबाईंनी विचारलं, "मका त्यांच्याकडचाच ना रे? मग ते गव्हाचं कशाला खातील?" दादा गप्प. मी तिथे काही बोलले नाही, घरी करून दाखवायचं ठरवलं.

निफाडकडचा वाळका मका आणला. किलोला साधारण १० ग्रॅम कोरडा खायचा चुना पाण्यात कालवला (पानवाल्याकडचा ओला असेल तर दुप्पट घ्या), त्यात मका मंद आचेवर अर्धवट शिजवला आणि रात्रभर तसाच झाकून ठेवला. सकाळी पाणी गर्द पिवळं झालं होतं. दाणा दोन बोटांत चोळला की साल बुळबुळीत होऊन सुटत होती. नव्याने चुना दिलेल्या भिंतीला येतो तसा वास, आणि त्याच्या मागून मक्याचा गोडसरपणा. दाणे चांगले चोळून, पाणी बदलून बदलून धुतले. सासूबाईंनी मिक्सर लावू दिला नाही. म्हणाल्या, पाटा आहे ना. मेक्सिकोत हेच काम मेताते नावाच्या तीन पायांच्या दगडी पाट्यावर होत आलंय, तेव्हा त्यांचं बरोबरच होतं.

साध्या मक्याच्या पिठाची भाकरी थापताना कडा चिरतात, उकड काढावी लागते. चुन्यातून आलेलं वाटण मात्र धरून राहतं. दुधाची पिशवी कापून, तिच्या दोन पदरांमध्ये गोळा ठेवून ताटलीने दाबला आणि वरून पीठ न लावता भाकरीच्या तव्यावर टाकला. दुसऱ्यांदा उलटल्यावर टम्म फुगली. सोबत राजमा शिजवून, घोटून, तेलावर परतलेला, आणि तव्यावर भाजलेल्या टोमॅटो-मिरचीचं वाटण. मका, राजमा, टोमॅटो, मिरची, चारही मूळ अमेरिका खंडातले.

दादांनी खाल्ल्या, परत मागून घेतल्या, आणि मग म्हणाले, "चुन्याचं एवढं काय? मक्याची भाकरीच आहे ही."

नाही. मक्यातलं नियासिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, अंगी लागत नाही, ते चुन्याने मोकळं होतं. युरोपने मका नेला, पण ही रीत नेली नाही. उत्तर इटलीत नुसत्या पोलेंटावर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घाट्यावर, जगणाऱ्या गरिबांना नियासिनच्या अभावाने पेलाग्रा नावाचा रोग व्हायचा. कातडी सोलवटायची, पुढे भ्रम व्हायचा. स्पेनमध्ये गास्पार कासाल या डॉक्टरांनी १७३५ मध्येच तो रोग नोंदवला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागातही त्याने माणसं मेली. मेक्सिकोतले लोक रोज मका खाऊनही त्यातून वाचले ते या चुन्यामुळे. टेक्सासमध्ये इतकी वर्षं टॅको खाऊन दादांना हे कळलं नव्हतं. ज्याला एखाद्या देशाचं जेवण समजून घ्यायचंय, त्याने तिथलं धान्य आणि ते शिजवायची रीत आधी हाताखालून घालावी, हे माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही.

म्हणून तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. लेबनॉनचं हम्मस म्हणजे काबुली चणे आणि तीळ. चणे चिमूटभर सोडा घालून अगदी गाळ शिजवा, तीळ हलके भाजून तेल सुटेपर्यंत वाटा, लिंबू आणि लसूण घाला. इथिओपियाचा इंजेरा टेफ नावाच्या धान्याचा असतो. टेफ मिळालं तरच करा, नाचणीची आंबोळी करून तिला इंजेरा म्हणू नका.

हॉटेलातच जायचं असेल तर पंचवटी एक्सप्रेसने सीएसएमटीला उतरा आणि चालत बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियात जा, दुपारच्या जेवणाला. १९२३ पासूनचं पारशी-इराणी ठिकाण आहे. तिथल्या बेरी पुलावातली आंबट बेरी इराणची, झेरेश्क.

आता राहिलेलं. उत्तर मेक्सिकोत, सोनोराकडे, गव्हाची टॉर्टियाही परंपरेतलीच आहे, तेवढ्यापुरतं दादांचं बरोबर. फक्त तीच एक खरी असं त्यांनी म्हणू नये. चुना खायचाच घ्या, रंगाच्या दुकानातला नको. मका औषध लावलेल्या बियाण्याचा नको. आणि भांडं स्टीलचं घ्या, चुन्याने ॲल्युमिनियम खराब होतं.