'द स्कार्लेट लेटर'मध्ये हेस्टर सावरते, पण डिम्सडेल का खचतो?

कारण दोघांच्या विवाहबाह्य संबंधातलं हेस्टरचं पाप सुरुवातीलाच चव्हाट्यावर येतं, डिम्सडेलचं मात्र सात वर्षं आतल्या आत कुजत राहतं. हॉथॉर्नच्या या कादंबरीत (१८५०) बोस्टनच्या भर बाजारात चौथऱ्यावर उभी केलेली हेस्टर पुढे शिवणकाम आणि आजाऱ्यांची सेवा करत जगते. व्यभिचाराची खूण म्हणून तिच्या छातीवर लावलेल्या लाल 'A' अक्षराचा अर्थच लोक बदलून टाकतात: 'अ‍ॅडल्टरी' (व्यभिचार) ऐवजी 'एबल' (समर्थ). पाद्री डिम्सडेल त्याच चौथऱ्यावर चढतो, पण मध्यरात्री. प्रवचनात 'मी पापी' म्हणतो तेही इतकं मोघम, की भक्त त्याला आणखीच संत मानतात! (सगळ्यात बोचरा भाग हाच.) दिवसाढवळ्या कबुली देतो तेव्हा मरण दारात असतं. फक्त हेस्टरला पश्चात्तापदग्ध समजू नका: जंगलातल्या भेटीत ती आपल्या प्रेमाला पवित्रच म्हणते आणि पळून जायला त्याला तयारही तीच करते.