टेस्ट झाली, पण व्हॉल्व्ह उघडला का?

कळव्याहून एका आईंचं पत्र आलं आहे. मुलगी इन्स्ट्रुमेंटेशन डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनच्या स्टायपेंडरी ट्रेनीच्या परीक्षेला बसायचंय आणि अणुवीज केंद्रातल्या सुरक्षा यंत्रणांच्या देखभालीचंच काम करायचंय. आई लिहितात, ‘रेडिएशनची भीती आहेच. पण एवढं शिकून पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन मेंटेनन्स? शेजारची मुलगी ऐरोलीला माइंडस्पेसमध्ये एसीत बसते.’

ताई, आधी रेडिएशनचं सांगतो. तिथल्या कर्मचाऱ्याच्या अंगावर टीएलडी बॅज, म्हणजे रेडिएशन मोजणारा बिल्ला, असतो आणि कुणाला किती डोस मिळाला याची नोंद राहते. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या रेडिएशनचं एकक) आहे, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. गरोदरपण कळवल्यावर उरलेल्या काळात गर्भासाठी ही मर्यादा १ मिलिसिव्हर्टवर येते. काळजी वाटणं स्वाभाविक आहे, पण इथे निदान मोजमाप आहे. आपल्या पट्ट्यातल्या किती कारखान्यांत कामगाराच्या अंगावर असं मोजणारं काही असतं?

आता मेंटेनन्सचं. तुमच्या सोसायटीतला फायर पंप आठवा. वर्षानुवर्षं त्याची गरज पडत नाही, म्हणून कुणी चालवून बघत नाही, आणि तो जाम झालाय हे आग लागते त्या दिवशी कळतं. अणुवीज केंद्रात भट्टी (म्हणजे रिअ‍ॅक्टर) बंद करणारी यंत्रणा, आणीबाणीचे डिझेल जनरेटर, बॅटऱ्या, पंप हे सगळं ठरलेल्या दिवशी चालवून बघावंच लागतं. महत्त्वाचं एकच माप तीन स्वतंत्र चॅनेल, म्हणजे मोजणीच्या तीन वेगळ्या साखळ्या, घेतात, आणि त्यातल्या दोघांनी धोका दाखवला की भट्टी आपोआप बंद होते. टेस्ट करणारा एका वेळी एकाच चॅनेलला हात लावतो. खोटा सिग्नल देतो, रिले (सिग्नलवर चालणारा विजेचा स्विच) पडला, म्हणजे त्याने काम केलं का, बघतो, आकडा लिहितो आणि सगळं पूर्ववत करतो. मग दुसरा माणूस ते स्वतंत्रपणे तपासून सही करतो.

ही दुसरी सही कशाला, असं मला तरुणपणी वाटायचं. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत मी इन्स्ट्रुमेंट मेंटेनन्सला होतो. एकदा प्रेशर स्विच कॅलिब्रेट करून परत बसवला आणि त्याच्याकडे येणारी लाइन बंद करणारा आयसोलेशन व्हॉल्व्ह उघडायचा राहून गेला. पॅनेलवर सगळं शांत होतं, आणि शांतच राहणार, कारण स्विचपर्यंत प्रेशर पोचतच नव्हतं. शिफ्ट संपताना आमच्या सीनियर फिटरना व्हॉल्व्हचं हँडल आडवं, म्हणजे बंद, दिसलं. त्यांनी मला बोलावलं आणि एक शब्द न बोलता माझाच हात त्या हँडलवर ठेवला.

अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी अपघात झाला, तेव्हा आणीबाणीच्या पाण्याच्या लाइनवरचे व्हॉल्व्ह बंद सापडले. दोन दिवस आधीच त्या यंत्रणेची टेस्ट झाली होती. अपघाताचं मुख्य कारण दुसरं होतं, पण हे वाचल्यावर मला ते आडवं हँडलच डोळ्यांसमोर आलं.

आपल्याकडचं उदाहरण उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्राचं. ३१ मार्च १९९३ ला टर्बाइनची पाती तुटून आग लागली, केबल जळाल्या आणि केंद्राची वीज सुमारे १७ तास गेली. भट्टी बंद केली तरी तिची उष्णता काढत राहावी लागते. तेव्हा डिझेलवर चालणाऱ्या फायर पंपांनी स्टीम जनरेटरला, म्हणजे भट्टीच्या उष्णतेने जिथे वाफ होते तिथे, पाणी पोचवलं. असे पंप ऐनवेळी सुरू व्हावेत म्हणून एरवी कोण राबतं? तुमच्या मुलीला जे काम करायचंय ते हेच, ताई. याला पाना-स्क्रूड्रायव्हरचं काम म्हणून हिणवू नका.

मला शंका असलीच तर वेगळी आहे. हे काम तेच ते आहे. शंभर वेळा आकडा बरोबर आला, तरी एकशे एकाव्या वेळी तो वाचूनच लिहायचा. आपल्या पॉलिटेक्निकांत प्रॅक्टिकलचं जर्नल कसं भरतात हे तुम्हाला ठाऊक असेल. आधीच्या बॅचचं उतरवतात, ग्राफवरचे ठिपके सरळ रेषेत बसवून टाकतात. ज्याला ही सवय अंगवळणी पडलीय त्याने या वाटेला जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो. मुलीला जरा विचारा, रीडिंग चुकलं तेव्हा तिने काय लिहिलं?

बाकी व्यवहाराचं. जाहिरातीत शाखा, टक्केवारी आणि वयाची अट नीट वाचा. निवड झाली तर आधी स्टायपेंडवर प्रशिक्षण आणि मग सायंटिफिक असिस्टंट. तारापूरचं अणुवीज केंद्र २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, बोईसर स्टेशनवर उतरायचं. पण पोस्टिंग कर्नाटकात कैगा, गुजरातेत काक्रापार, राजस्थानात रावतभाटा अशा कुठल्याही केंद्रात येऊ शकतं. शिफ्टही असते. रेडिएशनपेक्षा या दोन गोष्टींवर घरात आधी बोला.

आणि मला भेटायला येणार असाल तर मार्कशीट राहिली तरी चालेल, तिचं जर्नल मात्र आणा.