हातचा आधी हातात द्या

ताई, दुसरीला हातच्याची बेरीज थेट फळ्यावर घेताय असं कळलं, म्हणून लिहितोय. चार दिवस फळा विसरा. आपल्याकडे पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्यांना काय तोटा! बोटभर तुकडे करून प्रत्येक पोराला द्या, सोबत रबरबँड.

28 आणि 15 मांडू द्या, दहा-दहाचे गठ्ठे आणि उरलेल्या सुट्या. आठ नि पाच सुट्या, झाल्या तेरा. त्यातल्या दहा मोजून मुलाने स्वतः रबर लावावं आणि तो गठ्ठा उचलून दशकाच्या घरात ठेवावा. चार गठ्ठे, तीन सुट्या. ही पायरी गाळली की 313 उत्तर येतं. माझ्या वर्गात कितीदा आलंय! पोराने तीन आणि तेरा शेजारी लिहिलेले असतात. खोडू नका, 'एवढ्या काड्या दाखव' म्हणा.

'अठ्ठावीस'मध्ये आठ आधी ऐकू येतो, म्हणून काही जण 82 लिहितात. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस आठ' असं वाचन दिलं, त्यावर वाद झाला. मला ते सुरुवातीला कामाचं वाटतं. घरी अहिराणी असेल तर 'किती'ऐवजी 'कितल्या' विचारा, गप्प पोरगंही बोलतं.

अपूर्णांक शिकवायला कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी घ्या. मुद्दाम वाकडी तोडा आणि 'हे अर्धं का?' विचारा. समान भागांसाठी मुलंच भांडतील. पाव अर्ध्याहून लहान हे डोळ्यांनी दिसल्यावरच छेदात 4 लिहा; नाहीतर चार मोठा म्हणून पावही मोठा, असं ती ठामपणे सांगतात.