ज्वारी-तूर साचलेल्या पाण्यात पिवळी पडते, मग भात पुरात कसा तगतो?

भात तगतो तो मुळांच्या टोकापर्यंत हवा नेणाऱ्या अंतर्गत पोकळ्यांमुळे. मात्र पीक शेंड्यासह बुडाले, तर बहुतेक वाण आठवड्या-दीड आठवड्यात मान टाकतात. सोलापूरकडच्या काळ्या जमिनीत पाणी साचले की मातीतला प्राणवायू संपतो आणि तुरीची मुळे गुदमरतात. भाताच्या मुळांना तो पानांकडून खोडावाटे मिळतो, शिवाय मुळांचा बाहेरचा थर त्याची वाटेतली गळती बरीच रोखतो. पूर्ण बुडालेल्या रोपात इथिलीन वायू कोंडतो आणि साधा वाण त्याच्या इशाऱ्यावर उंच होण्याच्या धडपडीत आपला पिष्टाचा साठा उधळून बसतो. ओडिशातील एफआर १३ ए या जुन्या वाणात सापडलेले सब १ ए हे जनुक (फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आणि कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी ते २००६ मध्ये जाहीर केले) नेमकी ही धडपडच थांबवते. त्यामुळे ते घातलेला स्वर्णा-सब १ हा वाण सुमारे दोन आठवडे बुडूनही पाणी ओसरल्यावर पुन्हा फुटतो. खोल पाण्यातला भात याच्या अगदी उलट वागतो, म्हणजे दिवसाला २० ते २५ सेंटीमीटरपर्यंत वाढून शेंडा वर ठेवतो. भीमाकाठी स्वर्णा-सब १ लावण्याचा विचार असेल, तर एवढे ध्यानात घ्यावे की हे संरक्षण रोपाच्या शाकीय वाढीच्या, म्हणजे पाने-फुटवे येण्याच्या, काळापुरते आहे. उगवण आणि फुलोरा यांना ते लागू नाही, आणि पाणी फार गढूळ असेल तर तगण्याचे दिवस घटतात.