आधी अर्ज, मग डेमो

ताई, हातात मावणारा रेटिना कॅमेरा (डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढणारा) तुम्ही पुण्यात बनवताय, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून फार आनंद झाला! फक्त नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत मांडण्याआधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका. नवखे इथेच चुकतात. माझा थ्रीडी प्रिंट केलेला आयकप (डोळ्याभोवती टेकणारी वाटी) मी अर्जाआधीच स्टॉलवर ठेवला आणि तेवढ्या भागाचं पेटंट कायमचं हातचं गेलं, अजून सलतं.

- अर्ज मुंबई पेटंट कार्यालयाकडे, ऑनलाइन. मान्यताप्राप्त स्टार्टअपला फी १,६०० रुपये.
- त्यानंतर १२ महिन्यांत शोधाचा संपूर्ण तपशील द्यायचाच, नाहीतर अर्ज बाद.
- डोळे तपासण्याच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंट नाही, पेटंट कायद्याचं कलम ३(आय). दावे, म्हणजे हक्क कशावर मागताय ते, उपकरणावर लिहा: भिंगांची मांडणी, प्रकाशाचा मार्ग, भुवईला टेकणारी कड.

परदेशातल्या अर्जांचं नंतर बघू. आकृत्या तयार आहेत का?